महादेव विश्वनाथ धुरंधर

रावबहादुर महादेव विश्वनाथ धुरंधर (१८ मार्च, १८६७, कोल्हापूर – १ जून, १९४४, मुंबई) हे मराठी चित्रकार, बोधचित्रकार आणि कलाशिक्षक होते. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टशी विद्यार्थी, अध्यापक आणि अखेरीस संचालक या नात्यांनी त्यांचा एकेचाळीस वर्षे संबंध होता. या संस्थेच्या संचालकपदाची सूत्रे सांभाळणारे ते पहिले भारतीय होत. पौराणिक प्रसंग, शिवचरित्र, व्यक्तिचित्रे, निसर्गचित्रे, ग्रंथांतील बोधचित्रे, पोस्टकार्डे आणि भित्तिचित्रे अशा अनेक प्रकारांत त्यांनी विपुल काम केले. या सर्व कामात एक विषय सलगपणे आढळतो, तो म्हणजे स्त्रीचे घरातील आणि घराभोवतीचे जीवन. युरोपीय कलेत, विशेषतः सतराव्या शतकातील डच चित्रकलेत, ज्याला गृहचित्र म्हणता येईल त्या प्रकाराला मराठी घराचा आशय देणाऱ्या पहिल्या चित्रकारांत धुरंधरांची गणना होते.

बालपण

धुरंधरांचा जन्म कोल्हापूर येथे पाठारे प्रभू कुटुंबात झाला. पाठारे प्रभू ही मुंबईतील जुन्या रहिवासी ज्ञातींपैकी एक होय. तिचे सणवार, विवाहविधी, पोशाख आणि पाककृती यांना स्वतंत्र वळण आहे. कोल्हापूरचे संस्थानी वातावरण आणि मुंबईची ज्ञातिपरंपरा या दोहोंचा संस्कार धुरंधरांवर झाला.

त्यांचे शालेय शिक्षण कोल्हापुरात झाले. चित्रकलेची आवड लहानपणापासूनच होती. कोल्हापूरचे श्रेष्ठ चित्रकार आबालाल रहिमान यांचे मार्गदर्शन त्यांना या काळात लाभले. आबालाल हे स्वतः जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले होते. त्यांच्यामुळे यथार्थदर्शी चित्रणाची, म्हणजे वस्तू जशी डोळ्यांना दिसते तशी छायाप्रकाशासह रेखाटण्याची पद्धत धुरंधरांना मुंबईस जाण्यापूर्वीच परिचित झाली.

जे. जे. स्कूलमधील शिक्षण

सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८५७ साली सुरू झालेल्या या कलाशाळेत धुरंधरांनी १८९० मध्ये प्रवेश घेतला. त्या वेळी जॉन ग्रिफिथ्स हे शाळेचे प्रमुख होते. ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेण्यात आल्या होत्या. शाळेतील नित्याचे शिक्षण मात्र ब्रिटिश कलाशाळांच्या धर्तीवर चाले. प्राचीन ग्रीक-रोमन शिल्पांच्या प्लास्टर प्रतिकृतींवरून रेखाटन, त्यानंतर समोर बसलेल्या मनुष्याकृतीवरून अभ्यास आणि शेवटी अनेक आकृतींची रचना, असा तो क्रम होता.

या शिक्षणाबरोबर युरोपीय चित्रप्रकारांची प्रतवारीही भारतात आली. तीत ऐतिहासिक आणि धार्मिक चित्रांना उच्च स्थान असे. दैनंदिन जीवनातील प्रसंगांचे चित्र त्या खाली मानले जाई, तरी प्रदर्शनांतून त्याला मागणी होती. ग्रिफिथ्स यांच्याच शिष्यवर्गातील पेस्तनजी बोमनजी (१८५१–१९३८) यांनी धुरंधरांच्या आधी पारशी घरांतील स्त्रियांची आणि वृद्धांची चित्रे रंगवून या प्रकाराचा पाया मुंबईत घातला होता. धुरंधरांनी तो प्रकार मराठी हिंदू घरात आणला.

गृहचित्रे

१८८८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनांमुळे तरुण चित्रकारांना प्रेक्षक, पारितोषिके आणि ग्राहक मिळू लागले. या प्रदर्शनांत धुरंधरांनी आरंभापासून घरगुती विषय मांडले. लक्ष्मीला आलीस का असे विचारणाऱ्या शीर्षकाच्या त्यांच्या चित्रास १८९५ साली सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले आणि त्यांचे नाव सर्वत्र झाले.

या शीर्षकाचा अर्थ मराठी प्रेक्षकाला समजावून सांगावा लागत नाही. भाद्रपदात गौरी घरात आणताना तिला उंबरठ्यावरून आत घेतात, पावले उमटवतात, घरभर फिरवतात आणि जाता जाता प्रश्नोत्तरे करतात. लक्ष्मी आली का, काय घेऊन आली, असे विचारले जाते आणि धनधान्य, आरोग्य, सौभाग्य घेऊन आली असे उत्तर दिले जाते. या विधीत घरातील स्त्री एकाच वेळी देवीला आणणारी आणि स्वतः गृहलक्ष्मी अशा दोन्ही रूपांत वावरते. प्रदर्शनाचे परीक्षक, पाहुणे आणि ग्राहक यांत त्या काळी युरोपीय अधिकाऱ्यांचा भरणा मोठा होता. त्यांच्या दृष्टीने हे एक मोहक देशी दृश्य होते. मराठी प्रेक्षकाला मात्र शीर्षकातूनच विधी, महिना आणि घरातील माणसांचे आवाज ओळखता येत.

धुरंधरांच्या स्त्रीचित्रांत नऊवारी लुगड्याचा काष्टा, पदराची ठेवण, चोळीचे काठ, अंबाडा, नथ आणि हातांतील बांगड्या यांचे चित्रण बारकाईने केलेले असते. हा तपशील केवळ अलंकरण नसतो. लुगडे नेसण्याच्या पद्धतीवरून ज्ञात, वस्त्रावरून सांपत्तिक स्थिती, दागिन्यांवरून वैवाहिक स्थिती आणि पदर खोचण्याच्या रीतीवरून हातातील काम ओळखता येते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मराठी घरांच्या माजघरात छायाचित्रकाराचा प्रवेश क्वचितच होई. त्यामुळे अशी चित्रे सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांनाही उपयुक्त ठरतात.

डच गृहचित्रांशी तुलना

घरात एखादे काम करीत असलेली एकटी स्त्री हा विषय युरोपात सर्वाधिक परिणत झाला तो सतराव्या शतकातील नेदरलँड्समध्ये. डेल्फ्ट येथील योहानेस व्हर्मीर (१६३२–१६७५) आणि पीटर द होख यांची चित्रे त्याची प्रमुख उदाहरणे होत. व्हर्मीरचे सुमारे १६५८–१६६० मधील दूध ओतणाऱ्या स्त्रीचे चित्र ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. डावीकडील खिडकीतून येणारा प्रकाश, मेजावरील पाव, मातीचे भांडे, दुधाची बारीक धार आणि खाली पाय शेकण्याची लाकडी पेटी, एवढाच त्याचा ऐवज आहे.

अशा चित्रांचा अर्थ कसा लावावा याविषयी कलेतिहासात दोन मते आहेत. डच अभ्यासक एडी द योंग यांनी चित्रांतील वस्तूंचा संबंध त्या काळच्या बोधचिन्हांच्या पुस्तकांशी जोडला. त्यांच्या मते पिंजरा, पक्षी, पत्र किंवा पाय शेकण्याची पेटी या वस्तू प्रेम, शील किंवा मोह यांच्या खुणा होत्या आणि चित्र पाहणाऱ्यास नीतिबोध करीत. व्हर्मीरच्या चित्रात भिंतीच्या तळाशी असलेल्या एका फरशीवर मदनाची आकृती आहे, हे या मताच्या पुष्टीसाठी दाखविले जाते. याउलट अमेरिकन अभ्यासिका स्वेतलाना अल्पर्स यांनी १९८३ मध्ये असे प्रतिपादन केले की, डच चित्रकाराचे मुख्य उद्दिष्ट दृश्य जगाचे वर्णन हेच होते. प्रत्येक वस्तूमागे गूढार्थ शोधण्यापेक्षा पाहण्याच्या त्या रीतीकडे लक्ष देणे अधिक योग्य, असे त्यांचे म्हणणे आहे.

या दोन्ही मतांना पूरक अशी एक गोष्ट व्हर्मीरच्या चरित्रातून समजते. त्याच्या घरात अकरा मुले वाढत होती, परंतु त्याच्या घराच्या आतील चित्रांत मुले आढळत नाहीत. दूध ओतणाऱ्या स्त्रीच्या चित्राची अलीकडे वैज्ञानिक तपासणी झाली. तिच्यामागे भांडी टांगण्याची फळी आणि खाली विस्तवाची टोपली त्याने आधी रेखाटली होती व नंतर ती रंगाखाली झाकून टाकली, असे १९२२ नंतर शंभर वर्षांनी, म्हणजे २०२२ मध्ये, जाहीर झाले. म्हणजे जे घर शांत आणि नीटनेटके दिसते ते जसेच्या तसे घर नसून निवडलेले घर असते.

धुरंधरांची चित्रे वाचतानाही हेच भान ठेवावे लागते. त्यांच्या चित्रांतील वस्तूंना डच बोधचिन्हांचे कोश लागू पडत नाहीत. त्यांचा अर्थ व्रते, सण, कहाण्या आणि नातेसंबंध यांतून उलगडतो. समई, तुळशीवृंदावन, सूप, पाट किंवा उंबरठा या वस्तू मराठी प्रेक्षकाच्या मनात आधीच अर्थ घेऊन आलेल्या असतात. दुसरे असे की, कलाशाळेच्या पद्धतीत समोर बसविलेल्या व्यक्तीवरून, नियंत्रित प्रकाशात अभ्यास केला जाई. प्रत्यक्षातील माजघर बहुधा अंधारे असे, उजेड येई तो ओसरीकडून किंवा चौकातून. चित्रातील स्वच्छ प्रकाश हा बराचसा कलाशाळेचा प्रकाश असतो. त्यामुळे पोशाख आणि वस्तू यांच्याबाबतीत ही चित्रे विश्वसनीय पुरावा ठरतात, परंतु श्रम, थकवा, धूर आणि दाटी यांच्याविषयी ती बहुतांशी मौन पाळतात.

आणखी एक भेद ग्राहकांचा आहे. डच गृहचित्रे तेथील नागरिकांनी विकत घेतली आणि तशाच घरांच्या भिंतींवर टांगली. धुरंधरांची प्रदर्शनातील चित्रे मात्र प्रथम अशा लोकांनी पाहिली, ज्यांना त्या घरांत प्रवेश नव्हता. चित्रकार स्वतः त्या घरांतलाच होता. परक्या नजरेसाठी रंगविलेले असूनही आतून ठाऊक असलेले घर, ही धुरंधरांच्या गृहचित्रांची विशेष स्थिती होय.

कौटुंबिक जीवन

धुरंधरांच्या यशाच्या पहिल्याच वर्षांत मुंबईवर प्लेगचे संकट आले. १८९६ मध्ये सुरू झालेल्या या साथीने शहरातील असंख्य कुटुंबे उद्ध्वस्त केली. धुरंधरांच्या पहिल्या पत्नी बापूबाई याच साथीत निवर्तल्या. सुवर्णपदकाचे कौतुक अद्याप ताजे असताना गृहलक्ष्मीच्या स्वागताचा चित्रकार स्वतःच्या घरी एकाकी झाला. त्यांच्या चित्रांत या दुःखाची थेट नोंद दिसत नाही. त्यांनी घरगुती विषय सोडले नाहीत आणि त्यांना शोकाची छटाही दिली नाही. पुढे गंगूबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांची कन्या अंबिका हिचा जन्म १९१२ साली झाला.

अध्यापन

शिक्षण पूर्ण झाल्यावर धुरंधर जे. जे. स्कूलमध्येच अध्यापक झाले. ग्रिफिथ्स, सेसिल बर्न्स आणि कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन अशा तीन प्रमुखांची कारकीर्द त्यांनी पाहिली. मनुष्याकृतीचे अचूक व जलद रेखाटन हे त्यांचे सामर्थ्य होते आणि तेच त्यांनी विद्यार्थ्यांना शिकविले. पायरीपायरीने पदोन्नती मिळवीत ते १९३० साली संस्थेचे संचालक झाले आणि १९३१ मध्ये निवृत्त झाले. वरची पदे बहुधा इंग्लंडहून आलेल्या व्यक्तींनाच मिळण्याच्या काळात ही नेमणूक महत्त्वाची ठरली. सरकारने त्यांना रावबहादुर ही पदवी दिली.

मुद्रित चित्रे

धुरंधरांची चित्रे सामान्य घरांत पोचली ती मुद्रणामुळे. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना सुरू केल्यानंतर रंगीत चित्रांचा प्रसार वाढला आणि धुरंधरांच्या चित्रांचेही शिळाछाप निघाले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी पोस्टकार्डांसाठी चित्रे काढली. त्यांत मुंबईच्या रस्त्यांवरील माणसे, मोलकरणी, विक्रेते आणि नवराबायकोचे विनोदी प्रसंग आढळतात. प्रदर्शनातील चित्रांपेक्षा येथे त्यांची रेषा मोकळी आणि खेळकर आहे.

ग्रंथांमध्ये एस. एम. एडवर्ड्स यांच्या मुंबईच्या गल्लीबोळांवरील पुस्तकास (१९१२) त्यांनी चित्रे दिली. सी. ए. किंकेड यांनी मराठी व्रतकथांचा इंग्रजी संग्रह १९१४ साली प्रसिद्ध केला, त्यातील चित्रेही धुरंधरांची आहेत. आदितवार, सोमवार, मंगळवार अशा वारांच्या या कहाण्या श्रावणात घराघरांत स्त्रिया सांगत आणि ऐकत आल्या आहेत. त्यामुळे धुरंधरांच्या गृहचित्रांचे मूळ कथाविश्व समजून घेण्यासाठी हा ग्रंथ उपयोगी पडतो.

१९२० साली ऑटो रॉथफेल्ड यांचे भारतीय स्त्रियांवरील पुस्तक धुरंधरांच्या रंगीत चित्रांसह प्रसिद्ध झाले. हे काम तांत्रिक दृष्ट्या सफाईदार आहे, परंतु त्याचा हेतू वेगळा होता. ग्रंथकर्ते ब्रिटिश प्रशासनातील अधिकारी होते. स्त्रियांची मांडणी प्रांत, जात आणि व्यवसाय यांनुसार करण्यात आली. गृहचित्रातील स्त्री काही तरी करीत असते, कोणाची तरी वाट पाहते, कोणाशी तरी बोलते. या पुस्तकातील स्त्री बहुतेक वेळा आपल्या वर्गाचा नमुना म्हणून उभी असते. एकाच चित्रकाराच्या या दोन प्रकारांची तुलना केल्यास, चित्राचा अर्थ तो कोणासाठी व कशासाठी काढला यावर किती अवलंबून असतो, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात येते.

ऐतिहासिक चित्रे आणि भित्तिचित्रे

शिवचरित्रातील प्रसंगांवर धुरंधरांनी अनेक चित्रे रंगविली. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे त्यांचे चाहते व आश्रयदाते होते. औंधच्या श्रीभवानी चित्रसंग्रहालयात त्यांची चित्रे जतन केलेली आहेत. नव्या दिल्लीतील सचिवालयाच्या सजावटीचे काम १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जे. जे. स्कूलच्या कलावंतांकडे आले, तेव्हा धुरंधरांनी कायदेविषयक चित्रमालिका केली. तीत स्त्रीधनासारखा विषयही होता. ज्या स्त्रीला त्यांनी तीस वर्षांपूर्वी उंबरठ्याच्या आत पाहिले होते, तिचा येथे विचार झाला तो मालमत्तेची धनीण म्हणून.

आत्मचरित्र आणि अखेरची वर्षे

निवृत्तीनंतर धुरंधर मुंबईत खार येथे राहत होते आणि अखेरपर्यंत चित्रे काढीत होते. जे. जे. स्कूलमधील आठवणींवर आधारलेले त्यांचे ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे पुस्तक १९४० साली प्रसिद्ध झाले. मराठीत एखाद्या चित्रकाराने स्वतः लिहिलेल्या आरंभीच्या आठवणींपैकी हे एक होय. मुंबईतील कलाशिक्षणाच्या इतिहासाचे ते महत्त्वाचे साधन मानले जाते. १ जून, १९४४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

अंबिका धुरंधर

धुरंधरांच्या कन्या अंबिका धुरंधर (१९१२–२००९) यांनी जे. जे. स्कूलमध्ये चित्रकलेचे शिक्षण घेऊन पदविका मिळविली. तेथे शिक्षण पूर्ण करणाऱ्या आरंभीच्या भारतीय स्त्रियांत त्यांचा समावेश होतो. वडिलांबरोबर त्यांनी प्रवास केला, प्रदर्शनांत चित्रे मांडली आणि त्यांच्या मागे त्यांच्या चित्रांचे व कागदपत्रांचे दीर्घकाळ जतन केले. ‘माझी स्मरणचित्रे’ हे त्यांचे आत्मकथन त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले.

धुरंधरांच्या पिढीत घरातील स्त्री ही चित्राचा विषय होती. त्यांच्याच घरात पुढच्या पिढीतील स्त्री कुंचला हाती घेऊन चित्रफलकासमोर उभी राहिली. आपल्या मुलीला कलाशाळेत पाठविण्याचा धुरंधरांचा निर्णय त्यांच्या गृहचित्रांइतकाच त्यांच्या स्त्रीविषयक दृष्टीचा निदर्शक आहे.

मूल्यमापन

विसाव्या शतकाच्या आरंभी बंगालमध्ये अवनींद्रनाथ टागोर आणि त्यांच्या अनुयायांनी पाश्चात्त्य यथार्थदर्शनाविरुद्ध भूमिका घेतली. त्या दृष्टीने धुरंधरांची कला अनुकरणात्मक ठरविली गेली. स्वातंत्र्याच्या सुमारास पुढे आलेल्या आधुनिक चित्रकारांनाही ती जुन्या वळणाची वाटली. पौराणिक चित्रांतील नाटकी हावभाव आणि काही स्त्रीचित्रांतील गोडवा हे दोष टीकाकारांनी दाखविले आहेत व ते निराधार नाहीत.

पुढे पार्थ मित्तर यांच्यासारख्या कलेतिहासकारांनी वसाहतकाळातील चित्रकलेचा नव्याने विचार केला, तेव्हा धुरंधरांच्या कामाकडे पुन्हा लक्ष गेले. २०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. तंत्र परकीय असले तरी त्या तंत्राने त्यांनी जे पाहिले ते परकीय नव्हते, हा या पुनर्विचारातून निघणारा मुख्य निष्कर्ष होय. त्यांची गृहचित्रे पाहताना प्रथम हातातील काम, नंतर वस्तू व वस्त्रे, त्यानंतर शीर्षक आणि शेवटी ग्राहक, या क्रमाने विचार केल्यास चित्रात काय आहे याबरोबरच काय वगळले आहे हेही दिसू लागते.